चौकटीबाहेरचा पियानो

प्रश्न : मिरजेच्या किराणा गायकीवर माझा कान घडला आहे. लेनी ट्रिस्टानो या जॅझ पियानोवादकाचे ‘इन्ट्युइशन’ मला विस्कळीत वाटले. त्याला मुक्त आलाप म्हणावे काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तसे म्हणवत नाही, कारण आलापात ताल नसला तरी रागाची चौकट असतेच. मे १९४९ मध्ये न्यूयॉर्कला ट्रिस्टानो, ली कोनिट्झ, वॉर्न मार्श, बिली बाउर आणि अर्नोल्ड फिशकिन यांनी ‘इन्ट्युइशन’ व ‘डायग्रेशन’ वाजवले, तेव्हा कोणी कोणामागून यायचे याखेरीज स्वर, लय, स्वरसंगती असे काहीच ठरलेले नव्हते; शिवाय ड्रमही नव्हते. अशा मुक्त वादनाला ज्याचे नाव पडले, त्या सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘फ्री जॅझ’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण १९६० मधले, म्हणजे ही गोष्ट अकरा वर्षे आधीची. कॅपिटल ही ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी हे वादन प्रसिद्ध करण्यास मुळात नाखूशच होती (आपण एकटे नाही!). मला मात्र ते विस्कळीत वाटत नाही. आधीच्या वादकाचा धागा पुढचा वादक उचलतो आणि अनेक सुरावटी एकाच वेळी स्वतंत्रपणे चालतात, तेव्हा एकाच सुरावटीचा विस्तार ऐकण्याची सवय असलेला आपला कान गोंधळतो. आधी याच चमूचे, ठरलेल्या बांधणीचे ‘क्रॉसकरंट’ ऐकावे, आणि मग ‘इन्ट्युइशन’मध्ये फक्त कोनिट्झ यांच्या सॅक्सोफोनचा माग धरावा.