पासवर्ड साठवण्यासाठी कोणती पद्धत निवडावी?

प्रश्न : मी एका पतसंस्थेच्या सभासदांसाठी असलेल्या संकेतस्थळाची तांत्रिक देखभाल करतो. सर्वांचे पासवर्ड एईएस पद्धतीने एन्क्रिप्ट करून डेटाबेसमध्ये ठेवलेले आहेत आणि त्याची किल्ली त्याच सर्व्हरवरील कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आहे. लेखापरीक्षकांनी अधिक सुरक्षित पद्धत वापरण्यास सुचवले आहे. एईएस-२५६ घ्यावे की एसएचए-२५६? (एक वाचक, सांगली)

उत्तर : या कामासाठी दोन्ही पद्धती घेऊ नयेत. एईएस कमकुवत आहे म्हणून नव्हे. ती पद्धत भक्कमच आहे. परंतु एन्क्रिप्शन करतात ते मजकूर किल्लीच्या साह्याने पुन्हा वाचता यावा म्हणून, आणि पासवर्ड पुन्हा वाचण्याची गरज प्रणालीला कधीच नसते. सभासदाने आत्ता टाइप केलेला पासवर्ड बरोबर आहे की नाही, एवढेच तिला ठरवायचे असते. आपला सर्व्हर ज्याच्या हाती लागेल त्याला कॉन्फिगरेशन फाइलही मिळेल, आणि मग किल्ली १२८ बिटांची असो वा २५६ बिटांची, सगळे पासवर्ड एकाच वेळी उघडे पडतील. शिवाय किल्ली सुरक्षित राहिली तरी धोका टळतोच असे नाही. २०१३ मध्ये अडोबी कंपनीची माहिती चोरीला गेली, तेव्हा पासवर्ड ट्रिपल डीईएस या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीने एकाच किल्लीखाली अशा रीतीने एन्क्रिप्ट केलेले होते की समान पासवर्डचे रूपही समान दिसत असे. शेजारी वापरकर्त्यांनी लिहिलेल्या आठवणीच्या खुणा साध्या मजकुरात होत्या. त्या जुळवून, किल्ली न मिळताही, अनेक पासवर्ड ओळखता आले.

एसएचए-२५६ ही हॅश पद्धत आहे, म्हणजे ती पासवर्डवरून ठरावीक लांबीचा एक ठसा (हॅश) काढते. त्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही हे खरे. तिची अडचण वेगाची आहे. एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश काढू शकते, त्यामुळे लोक सर्रास ठेवतात ते पासवर्ड अंदाजाने तपासून पाहायला फारसा वेळ लागत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. ते एसएचए-१ या तशाच वेगवान पद्धतीचे होते आणि त्यांना सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डबरोबर मिसळायचा वेगळा यादृच्छिक मजकूर, लावलेला नव्हता. त्यांतील बहुसंख्य लवकरच फोडले गेले. सॉल्ट लावावा आणि गणन मुद्दाम संथ ठेवावे, हे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या संदर्भात १९७९ मध्येच लिहून ठेवले होते. इतक्या वर्षांनंतरही नव्या प्रणालींत ते पाळले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझी शिफारस आर्गॉन२आयडीची, म्हणजे आर्गॉन२ या हॅश पद्धतीच्या एका प्रकाराची आहे. लक्झेंबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी रचलेली आर्गॉन२ ही पद्धत २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत निवडली गेली. ती वेळेबरोबर मेमरीही खर्च करायला लावते, आणि ग्राफिक्स कार्डावर एकाच वेळी हजारो अंदाज तपासणाऱ्याची अडचण होते ती नेमकी इथेच. ओवॅस्प ही वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था किमान १९ मेबीबाइट मेमरी, दोन फेऱ्या आणि एक धागा (थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे गणन) असे मूल्य सुचवते. आपल्या सर्व्हरवर मोजून पाहावे आणि लॉगिनला खटकण्याजोगा उशीर होत नसेल तेथवर ही मूल्ये वाढवावीत. आर्गॉन२ उपलब्ध नसेल तर १९९९ पासून वापरात असलेली बीक्रिप्ट ही हॅश पद्धत, कॉस्ट (गणन किती संथ ठेवायचे ते ठरवणारा आकडा) किमान १० ठेवून, चालेल. यांपैकी काहीही स्वतः लिहू नये, प्रस्थापित लायब्ररीच वापरावी. सॉल्ट तीच तयार करते आणि हॅशच्या ओळीतच साठवते. त्या ओळीसाठी २५५ अक्षरांचा स्तंभ ठेवावा.

स्थलांतर आपल्याला तुलनेने सोपे जाईल. पासवर्ड आज उलगडता येतात, त्यामुळे सभासदांच्या पुढच्या लॉगिनची वाट न पाहता सर्वांचे आर्गॉन२ हॅश एकदाच काढून घेता येतील. त्यानंतर जुना स्तंभ, किल्ली आणि जुने बॅकअप नष्ट करणे हे त्याच कामाचा भाग समजावे. अ‍ॅश्ले मॅडिसन या संकेतस्थळाने बीक्रिप्ट कॉस्ट १२ ने वापरली होती, तरी २०१५ च्या चोरीनंतर एक कोटीहून अधिक पासवर्ड फुटले, कारण पासवर्डवरून एमडी५ या वेगवान हॅश पद्धतीने बनवलेली वेगळी टोकने त्याच डेटाबेसमध्ये राहून गेली होती. पासवर्ड विसरलेल्या सभासदाला जुनाच पासवर्ड ईमेलने किंवा फोनवर कळवण्याची सोय असेल तर तीही बंद होईल. तिच्या जागी थोड्याच वेळात बाद होणारा, एकदाच चालणारा दुवा पाठवावा.

प्रश्न : काही सभासद देवनागरीत पासवर्ड ठेवू इच्छितात. परवानगी द्यावी का? (तेच वाचक)

उत्तर : जरूर द्यावी, मात्र दोन गोष्टी आधी तपासाव्यात. बीक्रिप्ट फक्त पहिली ७२ बाइट विचारात घेते, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जात असल्याने ‘महाराष्ट्र’ या एका शब्दातच ३० बाइट जातात. चोवीस चिन्हांपुढचा मजकूर काही लायब्रऱ्या मुकाट्याने सोडून देतात. आर्गॉन२ला ही अडचण नाही. दुसरी गोष्ट, ‘दुसऱ्या’मधला ऱ काही कीबोर्ड स्वतंत्र अक्षर म्हणून पाठवतात, तर काही र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसले तरी हॅश वेगळा येतो आणि सभासद आपल्याच खात्याबाहेर अडकतो. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका ठरलेल्या रूपात आणणे, अवश्य करावे, पण त्याने हे जोडचिन्ह एकरूप होत नाही. त्यासाठी स्वतःचा रूपांतराचा नियम लिहून तो नोंदणी आणि लॉगिन या दोन्ही वेळी, हॅश काढण्याआधी, लावावा.