सासूबाईंच्या पाठीवरचा लाल चट्टा

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, पॅरालिसिसमुळे डावी बाजू गेलीये, बेडवरच असतात. माकडहाडापाशी लालसर चट्टा आलाय. ब्यूरोच्या मावशी रोज त्यावर स्पिरिट चोळून पावडर लावतात, म्हणतात रक्त खेळतं राहतं. हे बरोबर आहे का? बसायला रबरी रिंग आणू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, चोळणं आजच्या आज बंद करा. मावशींवर रागावू नका हं, पूर्वी वॉर्डात आम्हा सिस्टर लोकांनाही हेच शिकवायचे. पण लाली आलीये म्हणजे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपून तिथलं रक्त अडतंय, आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दुखावल्यात, त्यावर चोळलं की इजा अजून वाढते. स्पिरिटने कातडी कोरडी पडून तडकते आणि पावडरचे घामात गोळे होऊन तेच टोचत राहतात.

आता एक करून बघा. चट्ट्यावर बोट ठेवून दोन-तीन सेकंद हलकं दाबा आणि सोडा. जागा फिकी पडून परत लाल झाली तर रक्त अजून फिरतंय, पण दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली समजायचं. वर्ण सावळा असेल तर लाली नीट कळत नाही, मग आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते हाताने बघायचं. हे रोज अंघोळ घालताना, टाचा, खुबे, कोपरं, डोक्याची मागची बाजू सगळीकडेच बघा.

खरा उपाय म्हणजे त्या जागेवरचा भार काढणं. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, घरातल्यांनी पाळ्या लावून घ्या कारण एकट्या सुनेला हे झेपणारं नाही. पूर्ण कुशीवर नको, तसं केलं तर सगळा भार खुब्यावर येतो, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी दिली की टाचा अधांतरी राहतात. आणि वर सरकवताना ओढायचं नाही! कमरेखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं, डावा हात धरून तर कधीच नाही, लुळा खांदा निखळतो.

रिंग नको, तिच्या कडेचा दाब पडून मधल्या भागाचं रक्त उलट अडतं. आलटून-पालटून हवेचा दाब कमी-जास्त होणारी गादी घेतलीत तर चांगलंच, पण कूस बदलणं तरी सुटत नाही.

भरवताना मात्र पाठ सरळ उभी हवी आणि नंतरही अर्धा तास तशीच, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. त्यानंतर डोक्याकडची बाजू ३० अंशांपर्यंत खाली घ्या, कारण उंच राहिली की पेशंट घसरत राहतो आणि माकडहाडाची कातडी घासते. घोट घेतल्यावर खोकला येत असेल, आवाज घरघरत असेल तर भरवणं थांबवून डॉक्टरांना विचारा. डायपर ओला झाला की लगेच बदला. प्रथिनांसाठी वरण, अंडं, दूध पोटात जाऊ दे, किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील.

कातडी सोलली, जागा काळपट झाली, वास यायला लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि फोड आलाच तर घरी फोडू नका.