यूकेचं न्यूट्रिशन एमएससी, २८ लाख आणि रिटायरमेंटचा पैसा

दादा नमस्कार. बाकीच्यांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. दादा मिरजेचे, एसटीत कंडक्टर, येत्या जूनला अठ्ठावन्न पूर्ण होऊन रिटायर होतायत. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून २२ लाख हातात येतील. मुलीचं फूड अँड न्यूट्रिशनचं बीएससी यंदा संपतंय आणि एका एजंटने तिला यूकेतलं एक वर्षाचं एमएससी न्यूट्रिशन सुचवलंय, सगळं धरून खर्च २८ लाख. दादांचा प्लॅन असा की १३ लाख रिटायरमेंटचे घालायचे आणि १५ लाखांचं कर्ज घर तारण ठेवून काढायचं. एजंट म्हणतो तिकडे डायटिशियनला लई डिमांड आहे, वर्षा-दोन वर्षांत सगळं फिटेल.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, हे करू नका. निदान हा कोर्स, या पैशातून, आत्ता तरी नको.

एजंट डिमांडबद्दल खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. पण यूकेत डायटिशियन हे नाव लावायचं तर एचसीपीसी नावाच्या संस्थेकडे रजिस्ट्रेशन लागतं, त्याशिवाय ते नाव लावणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. आणि ते रजिस्ट्रेशन नुसत्या 'एमएससी न्यूट्रिशन'ने होत नाही, त्यासाठी एचसीपीसीने मान्य केलेला डायटेटिक्सचाच कोर्स लागतो, ज्यात हॉस्पिटलमधली प्लेसमेंट असते आणि पीजीला तो बहुतेक ठिकाणी एक वर्षात उरकत नाही. म्हणजे तुमची लेक एक वर्ष शिकून न्यूट्रिशनिस्ट होईल, पण ते नाव तिथे कुणीही लावू शकतो, आणि एनएचएसच्या (तिथली सरकारी आरोग्यसेवा) हॉस्पिटलातली डायटिशियनची पोस्ट, जिच्या जोरावर एजंट २८ लाखांचं गणित मांडतोय, ती तिला मिळणार नाही. शिकून झाल्यावर तिथे थांबायचा जो ग्रॅज्युएट व्हिसा असतो तोही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्षाचा मिळणार. तेवढ्या वेळात स्पॉन्सर करणारा मालक सापडला नाही की परत मिरज.

आता परत आली असं धरून हिशोब करू. १५ लाख, ११ टक्के, शिकताना आणि नंतरच्या वर्षभरात व्याज भरलं नाही तर ते साठून कर्ज १८ लाखांच्या वर जातं, आणि दहा वर्षांचा हप्ता येतो साधारण २५ हजार. इकडे फ्रेशर डायटिशियनला सांगली-कोल्हापूर पट्ट्यात काय, पुण्यातसुद्धा पंधरा ते पंचवीस हजारांवरच सुरुवात करावी लागते, कटू आहे पण खरं आहे. म्हणजे पूर्ण पगार बँकेला. शिवाय तुमचे ते १३ लाख सिनियर सिटिझन स्कीममध्ये (सरकारची ज्येष्ठांसाठीची बचत योजना) टाकले असते तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला ८,८०० च्या आसपास पडले असते (व्याज तिमाहीला येतं, मी महिन्यावर आणलं). ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतची, पेन्शन किती तुटपुंजी येते ते एसटीवाल्यांना मी काय सांगणार, तेव्हा हे आठ-नऊ हजार तुमच्या घरी किराणा आणि औषधं आहेत. एजंट म्हणतो व्याजावर टॅक्स वाचतो. वाचतो, पण जुन्या कररचनेत, आणि ज्याला टॅक्स बसतो त्याचा. वीस हजार पगारावर टॅक्सच बसत नाही तर वाचणार काय कप्पाळ.

मग पोरीने काय करायचं? बीएससीवर थांबू नका, हे पहिलं. इंडियन डायटेटिक असोसिएशनची जी आरडी म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियनची परीक्षा असते तिला नुसतं बीएससी चालत नाही, पीजी लागतं (एमएससी किंवा डायटेटिक्सचा पीजी डिप्लोमा) आणि वर हॉस्पिटलची इंटर्नशिप. मुंबईत जुहूचं एसएनडीटीचं कॉलेज आहे, निर्मला निकेतन आहे. फी, हॉस्टेल, मेस सगळं धरून दोन वर्षांचे पाचेक लाख धरा, कॉलेजनुसार कमी-जास्त. सरकारी बँकांच्या नेहमीच्या शिक्षणकर्जात साडेसात लाखांपर्यंत घर तारण ठेवावं लागत नाही, चार लाखांच्या वर जामीनदार मागतात एवढंच. पाच लाखांचा सात वर्षांचा हप्ता १० टक्क्यांनी साधारण ८,३००, शिकतानाचं व्याज तेवढं तुम्ही महिन्याच्या महिन्याला भरत रहा म्हणजे ते साठणार नाही.

आणि इंटर्नशिपला मिरजेसारखं गाव नाही, दवाखान्यांचंच गाव ते. तिला सांगा आयसीयू आणि डायलिसिसच्या वॉर्डात वेळ काढ, वेट लॉसचे चार्ट इन्स्टावर सगळेच विकतात पण किडनीच्या पेशंटला पोटॅशियम सांभाळून काय खायला द्यायचं हे सांगणारी माणसं कमी आहेत. एनएबीएच हे दर्जाचं मानांकन घेणाऱ्या हॉस्पिटलना पेशंटची पोषण-तपासणी दाखवावी लागते, त्यामुळे तिथे डायटिशियनची जागा असतेच. इंटरव्ह्यूला जाताना दोन-तीन केसचं टिपण फाईलला असू दे, पेशंटचं नाव न घालता. आणि चार्ट भाकरी-आमटीत लिहिता आला पाहिजे हो, जतच्या पेशंटला किनवा लिहून काय उपयोग.

हॉस्पिटलबाहेरही जागा आहेत. एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) पोषण पुनर्वसन केंद्रांत आहारतज्ज्ञ घेतात, कुपोषित पोरांबरोबरचं खरं काम आहे ते, पण करार अकरा-अकरा महिन्यांचा, त्यावर मोठं कर्ज काढू नये. बालविकास विभागात मुख्यसेविकेची (अंगणवाड्यांवर देखरेख करणारी) भरती निघते, ती सरकारी नोकरी, कधी निघेल याचा नेम नाही म्हणून अभ्यास बाजूने चालू ठेवायचा. फूड कंपन्यांत लेबलिंग आणि एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, नियमांचं काम असतं, त्याकडे मुली फारशा बघत नाहीत, बघायला पाहिजे. हेल्थ ॲपवाले पटकन घेतात पण तिथे बऱ्याचदा सल्ल्यापेक्षा प्लॅन विकायचं टार्गेट जास्त असतं, तेव्हा ऑफर लेटरमध्ये फिक्स पगार किती आणि इन्सेंटिव्ह किती ते वाचूनच सही. सुरुवातीलाच स्वतःचं क्लिनिक काढायच्या भानगडीत पडू नका, आधी दोन वर्षं पगार.

परदेश कायमचा बंद असं नाही. इथलं पीजी, आरडी आणि हॉस्पिटलचा अनुभव झाला की एचसीपीसीकडे बाहेरून शिकलेल्यांसाठी वेगळा अर्ज असतो, ते शिक्षण आणि प्रॅक्टिसचे तास तपासतात, कमी वाटलं तर नाकारतात, गॅरंटी नाही. पण तो धोका काही हजार-लाखाचा, तोही तिच्या कमाईतला, तुमच्या घरावरचा नाही.

तरीही पोरगी हट्टाला पेटली असेल तर एजंटला एकच प्रश्न ईमेलवर विचारा, फोनवर नको: हा कोर्स एचसीपीसीच्या मान्य यादीत आहे का, हो की नाही. ती यादी त्यांच्या वेबसाईटवर फुकट आहे, उत्तर आलं की तिलाच ताडून बघायला सांगा. आणि रिटायरमेंटचा पैसा खात्यात आला की अठ्ठावन्नला सिनियर सिटिझन स्कीम उघडायला तीनच महिने मिळतात, साठीची वाट बघायची नसेल तर ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा. त्यातले १५ लाख तिथे टाका, बाकी सात बँकेत एफडीला असू द्यात, लग्नाचं आत्ता काढू नका.