पहिल्यांदाच एकटा निघालास? लोहगड धर

पहिल्या नोकरीत जीव रमेना म्हणून लगेच लडाखची तिकिटं काढू नकोस. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतर आणि भाजे गावातून लोहगडाला चालत जा. रविवार टाळ, पायऱ्यांवर जत्रा असते.

- परतीच्या गाड्या आधीच बघून ठेव.
- पाणी घरूनच ने.
- वाट चुकलीशी वाटली की गावकऱ्याला विचार. नवखे इथेच अडतात, ऑफिसातही: विचारायची लाज, मग अख्खा दिवस पाण्यात.

दुसरी हमखास चूक म्हणजे विंचूकाटा, म्हणजे गडाची विंचवाच्या नांगीसारखी लांब सोंड, गाठायचीच हा हट्ट. धुकं दाटलं तर गडाच्या पहिल्याच, गणेश दरवाजातूनही माघारी फिर. वेळेत माघार घेता येणं हे मी शिखरापेक्षा मोठं मानतो (अप्रेझलमध्ये त्याचे गुण मिळत नाहीत, ते सोड).

तंबू, मुक्कामाचं नंतर बघू. आधी हा करून ये.