मेशचे दाते, मोटरचे दाते

प्रश्न : मी पुण्यात एम.टेक. करते. ३६ स्लॉट (तारा बसवायच्या खाचा), ६ पोलच्या कायम चुंबकाच्या मोटरचं मॉडेल केलं आहे. कॉगिंग टॉर्क (करंट नसतानाही चुंबकांच्या ओढीने फिरताना लागणारे हिसके) काढायला रोटर, म्हणजे फिरता भाग, अर्धा-अर्धा अंश फिरवते आणि दर वेळी मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक त्रिकोण) नव्याने पाडते. आलेख करवतीसारखा येतो. मेश बारीक केली तरी दाते जात नाहीत, नुसते बदलतात. कुठे चुकतंय?
— वाचक, कोथरूड

उत्तर : ‘नुसते बदलतात’ असं तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. मोटर तीच राहिली आणि मेशबरोबर दाते बदलले, म्हणजे दाते मेशचे. ३६ आणि ६ चा लसावि ३६, तेव्हा खरं कॉगिंग एका फेऱ्यात ३६ वेळा, म्हणजे दर १० अंशांनी परत यायला हवं. ती लाट आलेखात शोधा.

भोसरीच्या कारखान्यात आम्हीही याच स्लॉट-पोल जोडीच्या मोटरवर अशा करवतीपायी दोन आठवडे चुंबकांचा आकार बदलत बसलो होतो. नमुना तयार झाल्यावर शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि दोन बोटांत धरून हळूहळू फिरवला. एका फेऱ्यात छत्तीस हिसके लागले, मोजून. करवतीचा मागमूस नव्हता.

कॉगिंग हा मुळात छोटा आकडा. स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, एका दाताची डावीकडची ओढ दुसऱ्याच्या उजवीकडच्या ओढीत जिरते, उरतं ते कॉगिंग. हा हिशेब एअर गॅपमध्ये, रोटर आणि स्टेटरमधल्या फटीत होतो, आणि तुम्ही दर पावलाला तिथलेच त्रिकोण बदलता.

जात्याची वरची पाळी फिरते, खालची जागची हलत नाही. मेशही तशीच ठेवा. स्टेटरची एकदाच पाडा. रोटरची अख्खी उचलून फिरवा. गॅपच्या मध्यावर एकाच थराचा पट्टा ठेवा आणि दर पावलाला फक्त त्याचेच त्रिकोण पुन्हा जोडा. ही ‘मूव्हिंग बँड’ पद्धत फ्रेंच संशोधकांनी १९८५ मध्ये मांडली. माझा तिच्यावर आजही भरवसा आहे. पट्ट्याच्या दोन्ही कडांवर पूर्ण वर्तुळात ७२० समान भाग पाडा. अर्ध्या अंशाच्या पावलाला नोडसमोर नोड (त्रिकोणाचा कोपरा) येतो आणि त्रिकोणांचा आकार तोच राहतो. पाव अंशाचं पाऊल घेतलंत की ते तिरके होतात, करवत परत येते. टॉर्कही पट्ट्यात काढू नका, शेजारच्या रोटरकडच्या थरात काढा.

एकाच पोलचं ६० अंशांचं मॉडेल असेल तर एका कडेने बाहेर गेलेला रोटर दुसऱ्या कडेने आत येताना चुंबकीय क्षेत्राचं चिन्ह उलटायला हवं. हे फार जणांकडून राहतं.

आता एक चाचणी मात्र नक्की करा. स्टेटरचे सगळे स्लॉट लोखंडाने भरा, वाइंडिंगमध्ये करंट शून्य ठेवा आणि रोटर १० अंश फिरवा. कॉगिंग शून्य यायला हवं. जे उरेल ते सगळं मेशचं. तरीही दाते दिसलेच तर पट्ट्याच्या दोन्ही कडांचे भाग मोजा. साठ अंशांत एकीकडे १२० आणि दुसरीकडे ११९ झालेले मी स्वतः पाहिले आहेत.