एक टीबी हाली का एक टीबी कलदार?

परभणीहून एका दादांनी विचारलंय की नवीन एक टीबीची हार्ड डिस्क घेतली, कॉम्प्युटरला लावली तर ९३१ जीबीच दिसायली, दुकानदार म्हणतो 'फॉरमॅटिंगमध्ये कटते'. तर जीबी म्हणजे नक्की किती एमबी, १००० का १०२४, आणि गिगाबाइटला चांगला मराठी शब्द आहे का?

पहिले ते 'कटते' बंद करा राव. जिथं जावं तिथं हेच ऐकायलो, कुणी म्हणतं फॉरमॅटिंगमध्ये कटते, कुणी म्हणतं विंडोज खातं, आणि शिकलेली पोरं पण मान हलवून हो म्हणायलीत. काही कटत नाही अन् कुणी खात नाही. फॉरमॅट करताना फाइलींचा हिशोब ठेवायला थोडी जागा लागते हे खरंय, पण ती चिल्लर, आणि फॉरमॅट न केलेली कोरी डिस्क लावून बघा, तरी ९३१ च दाखवती. एक टीबी म्हणून कंपनीनं एक लाख कोटी बाइट कबूल केले होते, तेवढे दिलेत. विंडोज त्या आकड्याला १०२४ नं तीनदा भागतं, उत्तर येतं ९३१ आणि वर थोडं, आणि त्याच्यापुढं बिनधास्त 'जीबी' लिहून मोकळं होतं. बाइट तेवढेच, मोजणारे दोन, आणि दोघांनी नाव मात्र एकच ठेवलंय.

किलो म्हणजे ग्रीकमधला हजार, मेगा मोठा, गिगा राक्षस वगैरे कुठंही वाचायला भेटतं, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते वेगळ्याच शब्दांवर, कारण एका नावाची दोन मापं हा प्रकार आपल्या मराठवाड्याला काही नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी यात अख्खी हयात काढली. त्यांनी त्याला दोन शब्द पण करून ठेवले होते, हाली आणि कलदार.

निजामाच्या राज्यात चालायचा तो हाली सिक्का, इंग्रजांचा तो कलदार. दोन्हीला म्हणायचं रुपयाच. पण भाव सात हालीला सहा कलदार. म्हणजे धाराशिवकडचा माणूस शंभर हाली घेऊन बार्शीच्या बाजाराला गेला, तर बार्शी इंग्रजी मुलखात, तिथं त्याचे साधारण ८५ रुपये ११ आणे व्हायचे. आता त्या माणसाचे १४ रुपये वाटेत कटले का? नाही ना? मग तुमचे ६९ जीबी कामून कटतील?

आता हे शब्द बघा, काय भारी आहेत. हाली आला अरबी 'हाल' वरून, हाल म्हणजे सध्याची स्थिती, म्हणून हाली सिक्का म्हणजे सध्या चालू असलेलं नाणं. आपलं 'हल्ली' तिथलंच. 'हालत', 'हालहवाल' तिथलेच, नोकरीवर 'बहाल' केलं म्हणजे पुन्हा आधीच्या हालावर आणलं, आणि 'लई हाल झाले' मधले हाल पण तेच, स्थितीची पुढं वाईट स्थिती झाली एवढंच. काही जण छातीठोक सांगतात की निजामाच्या राज्यात रयतेचे हाल झाले म्हणून हाली. ऐकायला गोड आहे, रझाकारांच्या आठवणी असलेल्या घरांत तर पटतं पण, पण चूक आहे.

कलदारवर मात्र माझं कोशवाल्यांशी जमत नाही. काही ठिकाणी अर्थ देतात, कडेला खाचा पाडलेलं नाणं. अहो, खाचा हा नाण्याचा गुण झाला, शब्दात खाच कुठंय? शब्दात आहे कळ. कळ म्हणजे यंत्र, कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेलं. यावर लगेच कुणीतरी म्हणणार की पुढं निजामाची चारमिनारवाली नाणी पण यंत्रावरच पडायला लागली, मग त्यांना कलदार का नाही म्हटलं? कारण तोवर नाव चिकटलं होतं, आणि नाव एकदा चिकटलं की कारण सरलं तरी सुटत नाही, 'किलो' चं नेमकं तेच झालंय. ही कळ म्हणजे कळसूत्री बाहुलीतली कळ, आणि बघा, तुम्ही ज्याच्यावर टाइप करता त्या कीबोर्डाला मराठीत कळफलक म्हणतात ती पण हीच! ही कळ संस्कृत 'कला' वरून आलेली, आणि कला म्हणजे चंद्राचा सोळावा भाग पण होतो. सोळा म्हणजे काय, दोनाचा चौथा घात. मी तर म्हणतो बायनरीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या दोनाच्या घातांनी मोजायच्या पद्धतीला, मराठी शब्द शोधत बसण्यापेक्षा कलामापन म्हणा, कुणी ऐकत नाही ते सोडा.

तर १०२४ आलं कुठून? दोनाचा दहावा घात. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी, तिच्यात जागेचा पत्ता सांगणारी एक तार वाढवली की जागा दुप्पट होते, म्हणून रॅम दुपटी-दुपटीनं वाढत गेली, आणि १०२४ हजाराच्या जवळ म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच किलो म्हणून टाकलं. तेव्हा फरक २.४ टक्के, कुणाला काय पडलंय. पण तो दर पायरीला फुगतो, मेगाला ४.९, गिगाला ७.४, टेराला जवळजवळ १०. आणखी वर एक्झाला १५.३ अन् झेटाला १८.१ टक्के, आणि हाली-कलदारमधला फरक १६.७, म्हणजे बरोबर दोघांच्या मधला! हे गणित केलं तेव्हा मला लई आनंद झाला. हार्ड डिस्कला त्या दुपटीचं काही बंधन नाही, म्हणून कंपन्या सरळ हजारानं मोजतात, वर आकडा पण मोठा दिसतो, हा भाग आहेच. सगळ्यात इरसाल ती जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी, तिच्यात १४४० गुणिले १०२४ बाइट, म्हणजे किलो एका हिशोबाचा आणि मेगा दुसऱ्या हिशोबाचा, धड हाली नाही धड कलदार नाही.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं तोड काढली की १०२४ वाल्यांना किबी, मेबी, गिबी म्हणा. हेतू चांगला, पण शब्द असले काढले की मोठ्या माणसानं चारचौघात म्हणायला लाजावं. लिनक्सवाले कुठं कुठं वापरतात, ॲपलनं २००९ मध्ये त्यांच्या सिस्टिममध्ये सरळ हजारानं मोजायला सुरुवात केली, म्हणून तीच डिस्क तिथं एक टीबी भरते. विंडोज अजून भागतंय १०२४ नं आणि लिहितंय जीबी. कलदारानं मोजायचं आणि पावतीवर हाली लिहायचं, असा तो प्रकार.

हां, दादांचा प्रश्न राहिलाच. जीबी म्हणजे नियमानं १००० एमबी, रॅमच्या बाबतीत मात्र १०२४ धरा. गिगाबाइटला मराठी शब्द नको, गिगाबाइटच लिहा. आणि डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये बघा, जीबीच्या शेजारी बाइटचा पूर्ण आकडा असतो. तो एक लाख कोटीच्या आसपास असंल तर माल पूर्ण आहे. लॅपटॉपमध्येच बसवून आलेली डिस्क असंल तर रिकव्हरीचा, म्हणजे बिघाड झाला तर विंडोज परत बसवायचा, तुकडा वेगळा काढलेला असतो, तो पण धरा. एवढं करून पण आकडा लईच कमी भरला, तर मात्र बिल घेऊन दुकानात जा.