क्लासच्या फीसाठी एफडी मोडू का?

प्रश्न : मानेवाड्याला राहतो, इतवारीत दुकानात नोकरी, पगार 38,000. मुलाला दहावीत 68 टक्के, गणितात 54. अकरावी-बारावीच्या इंटिग्रेटेड क्लासची (कॉलेज आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र) फी 2,60,000 सांगितली आहे. जवळ चार लाखांची एफडी आहे. मुलगा पॉलिटेक्निकला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला जातो म्हणतो, उन्हाळ्यात गल्लीतल्या कूलरच्या मोटारी तोच उघडून बसतो. घरचे म्हणतात, डिप्लोमा केला की पोरगा मागे पडला. काय करू?

उत्तर : एफडी मोडू नका. पोराचं म्हणणं हिशेबातही बसतं.

आधी वर्षं मोजा. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन, मग डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेऊन पदवीची तीन, तीही सहाच. फरक पडतो तो पैसे कधी लागतात यात. क्लासचे पैसे सुरुवातीलाच जातात, आणि इंजिनिअरिंगची फी तिसऱ्या वर्षी दारात उभी राहते तेव्हा तुमच्याकडे उरलेले असतात 1,40,000. शासकीय पॉलिटेक्निकची वर्षाची फी साधारण दहा हजारांच्या आत असते, ती पगारातून निघेल. तेच 2,60,000 साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षं पडून राहिले तर सुमारे 3,15,000 होतात, आणि नेमके पदवीच्या वेळी हाताशी येतात.

डिप्लोमात गोची होते ती पहिल्या वर्षी. गणित आणि इंग्रजी पुस्तकं, दोन्ही एकदम अंगावर येतात, आणि एटीकेटी (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जाणं) साचत गेली की गाडी रुळावर येत नाही. 54 मार्कांच्या मुलासाठी महिन्याला दीड-दोन हजारांची गणिताची शिकवणी लावा. खर्च करायचाच तर इथे करा. डायरेक्ट सेकंड इयरचा प्रवेश डिप्लोमाच्या टक्क्यांवर होतो, सीईटी लागत नाही. मात्र त्या वाटेने व्हीएनआयटीत, म्हणजे नागपूरच्या केंद्रीय इंजिनिअरिंग संस्थेत, शिरता येत नाही. गणितात नव्वदी असती आणि त्याला तिथेच जायचं असतं, तर माझं उत्तर वेगळं असतं.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेडही हलका समजू नका. दोन वर्षांचा कोर्स करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पॉलिटेक्निकचा नंबर लागला नाही तर हा दुसरा अर्ज भरलेला हवा.

प्रवेश कॅप राऊंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर फी सवलतीची शिष्यवृत्ती हातची जाते, आणि तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याने ती सोडणं परवडणारं नाही. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आजच अर्ज करून ठेवा, ऐन प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर रांग लागते.

एफडीची मुदत संपली की ती एकच न ठेवता तीन करा : दीड लाख वर्षाची, अडीअडचणीसाठी, उरलेल्या दोनपैकी एक तीन वर्षांची आणि एक चार वर्षांची. मधेच मोडावी लागली तर दंड एकाच तुकड्यावर बसतो.